‘त्याची गाडी आहे, मग मी का थांबू?’ : ऑफिसच्या वेळा, लोकलच्या वेळा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत फोर्टातल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या, म्हणजे लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या, ऑफिसात अ‍ॅडमिन बघते. माणसं सव्वीस. कोणी परळहून येतं, कोणी कर्जतहून, एकजण काही वर्षं पुण्याहून यायचा. मी स्वतः डोंबिवलीची. आमच्याकडे माणसं आडनावापेक्षा स्टेशनानं ओळखली जातात, म्हणून खालीही तसंच लिहिलंय. हे प्रश्न मला जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात आणि बहुतेक वेळा मस्टरसमोर उभं राहून विचारले जातात.

लांबून येणाऱ्याला वेळेत सूट द्यायचीच कशाला? घर लांब घेतलं हा त्याचा निर्णय.

निर्णय म्हणणं सोपं आहे. फोर्टातल्या कारकुनाच्या पगारात फोर्टात काय, घाटकोपरलाही घर होत नाही हे पगार देणाऱ्याला पक्कं माहीत असतं. कंपनी फोर्टाला लागूनच्या बॅलार्ड इस्टेटच्या पत्त्यावर लेटरहेड छापते आणि माणसं बदलापूर-विरारच्या भाड्यात बसतील अशा पगारावर ठेवते. तेव्हा अंतराची थोडी जबाबदारी कंपनीकडेही येते.

पण थोडीच. ‘मी लांबून येतो’ हे वाक्य कामाच्या जागी ठेवायचं नसतं. लांबून येणाऱ्यालाही आठवड्याचे तास पुरे करायचेच आहेत. ते कोणत्या वेळेत, एवढ्यापुरतीच चर्चा करायची.

दहा-पंधरा मिनिटांनी असा काय फरक पडतो? पुढच्या गाडीनं जावं.

सगळं भांडण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

आमचा कर्जतवाला संध्याकाळी पंधरा मिनिटं जास्त थांबला तर त्याची ठरलेली गाडी जाते. कर्जत किंवा कसारा म्हटलं की पुढची गाडी लगेच नसते. कल्याणपर्यंत गाड्यांची रांग असते, पुढे फाटा फुटला की ती विरळ होते. कसारा सीएसएमटीपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, कर्जत शंभर. पश्चिमेला विरारच्या पुढे डहाणूपर्यंत हेच. म्हणजे ऑफिसात पंधरा मिनिटं दिली की घरी पोहोचायला पाऊण-एक तास उशीर. वर कर्जत स्टेशनाबाहेरून गावात जाणारी शेवटची टमटम गेलेली असते, ते वेगळंच.

आता माझं बघा. मी पंधरा मिनिटं थांबले तर डोंबिवलीला जाणारी दुसरी गाडी पाच-सात मिनिटांत लागते. पण मी रोज ज्या गाडीला जाते तिला सीएसएमटीवर आधी जाऊन उभं राहिलं की खिडकी मिळते, निदान तिघींच्या बाकावर टेकायला चौथी सीट तरी मिळते. ती गेली की सव्वा तास उभ्यानं. शिवाय आमचा ग्रुप त्या डब्यात असतो. भाजी निवडून होते, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलंय ते कळतं. हे सगळं जातं. पण गाडी जात नाही.

म्हणून आम्ही दोन शब्द वेगळे केलेत: ‘गाडी जाते’ आणि ‘सीट जाते’. पुढची थेट गाडी वीस मिनिटांच्या आत असेल, तर तुमची फक्त सीट जातेय. सीट जाण्याचं दुःख मला ठाऊक आहे, गुडघे माझेही दुखतात. पण त्यासाठी दुसऱ्यानं तुमचं काम उचलावं असं म्हणता येणार नाही. ‘गाडी जाते’ वाल्यांना मात्र सूट. हा नियम मी केला आणि पहिल्याच आठवड्यात त्यात मीच सापडले. चार दिवस ग्रुपमधल्या बायका विचारत होत्या, बरी आहेस ना?

तो रोज ५.४०ला बॅग भरायला लागतो. ५.५०ला पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन आला की माझ्याच गळ्यात. हे न्याय्य आहे का?

नाही. आणि तो कामचुकार असेलच असंही नाही. सकाळी साडेआठला येऊन त्यानं दोन फाइली संपवलेल्या असतात, पण ते बघायला ऑफिसात कोणी नसतं. संध्याकाळी थांबणारा सगळ्यांना दिसतो, साहेबांनाही दिसतो. लवकर येणाऱ्याची मेहनत रिकाम्या ऑफिसात होते, लवकर जाणं मात्र भरल्या ऑफिसातून. त्यामुळे त्याच्या पाठीवर डोळे आणि तुमच्या नावावर ‘किती राबते बिचारी’.

तरीही तुमची तक्रार खरी आहे, कारण काम तासांत मोजलं तरी त्रास प्रसंगांत होतो. पार्टीला जाग संध्याकाळीच येते. दिवसभर कागद पाठवत नाहीत आणि पावणेसहाला ‘मॅडम, अर्जंट’. सकाळी साडेआठ ते साडेनऊ शांतता असते. तेव्हा त्याचा एक तास आणि तुमचा एक तास घड्याळात सारखा असला तरी तुमचा जास्त कटकटीचा. त्याची भरपाई वेगळी हवी.

मग त्या भरपाईचा हिशेब ठेवायचा कसा? साहेब म्हणतात, ‘आपापसात समजून घ्या.’

‘आपापसात समजून घ्या’ याचा अर्थ, जो भिडस्त आहे त्यानं समजून घ्यावं.

आमच्याकडे एक दोनशेपानी वही आहे. तिला सगळे ‘थांबवही’ म्हणतात. शिपाईकाकांच्या टेबलावर दोरीला पेन बांधून ठेवलेली. ऑफिस सुटायच्या वेळेनंतर कोणी दुसऱ्याच्या कामासाठी थांबलं की एक ओळ: तारीख, कोण, कोणाच्या बदली, किती मिनिटं. उदाहरणार्थ, ‘मंगळवार, वसई, कर्जतच्या बदली, ४० मि., बिल ऑफ एंट्री दुरुस्ती.’ स्वतःचं राहिलेलं काम संपवायला थांबलात तर नोंद नाही. ते तुमचं तुम्ही.

महिनाअखेरीस मी बेरीज करते. ज्याच्या बदली कोणी थांबलं, त्यानं तेवढी मिनिटं त्याच माणसाला परत द्यायची: सकाळी त्याचं काम उचलून, शनिवारी त्याची पाळी घेऊन किंवा त्याच्या रजेत त्याची टेबलं सांभाळून. पैशात नाही, आणि वडापाव खिलवूनही नाही. हे दोन्ही करून पाहिलंय, दोन्हीत रुसवे झाले.

एक्सेलमध्ये करून पाहिलं होतं. चाललं नाही. संगणक बंद करून, डबा पिशवीत टाकून निघालेला माणूस पुन्हा संगणक लावत नाही. दारातली वही मात्र तो उभ्या-उभ्या भरतो.

मी ऑफिसच्या जवळ राहतो. म्हणून शटर मीच उघडायचं, पाऊस आला की मीच यायचं?

आमच्या परळवाल्याचं नेमकं हेच झालं होतं. वीस मिनिटांत पोहोचतो म्हणून किल्ली त्याच्याकडे. किल्ली त्याच्याकडे म्हणून एसीवाला आला की तो, रविवारी लाइट गेली की तो, कुरिअर सकाळी आठला आलं की तोच. कुणी त्याला हे काम सांगितलं नव्हतं, ते त्याला चिकटलं.

मग त्याची चाळ पुनर्विकासाला गेली आणि तो भाड्यानं बदलापूरला गेला. पहिल्या आठवड्यात तीन दिवस आमचं शटर पावणेदहानंतर उघडलं आणि माणसं जिन्यात डबे घेऊन उभी. तेव्हा कळलं की हा माणूस इतकी वर्षं काय करत होता.

जवळ राहणं हा गुन्हा नाही. किल्लीची पाळी लावा. ज्याला पाळी जमणारच नाही, उदाहरणार्थ पहिल्या गाडीनं निघूनही पोहोचू न शकणारा, त्यानं थांबवहीत बदली द्यावी. आणि किल्ली नेहमी एकाकडेच राहणार असेल, तर ते त्याच्या कामाच्या यादीत लिहून त्याचे पैसे द्या.

प्रवासाचे तास कामाचे तास धरतात का?

घर ते ऑफिस आणि परत, नाही. ऑफिसात पोहोचल्यावर घड्याळ सुरू होतं. मात्र ऑफिसातून जेएनपीटी बंदरात किंवा एअर कार्गोला पाठवलं तर तो प्रवास कामातच.

अपघाताच्या बाबतीत कायदा जरा मोठ्या मनाचा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, २०१० च्या दुरुस्तीपासून घर आणि कामाच्या जागेदरम्यानचा अपघात नोकरीच्या ओघात झाला असं मानलं जातं, वेळ-जागा-काम यांचा संबंध दाखवता आला तर. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यालाही लावला. प्रकरण आपल्याकडचंच, आत्ताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. साखर कारखान्याचा एक रखवालदार, ड्यूटी पहाटे ३ ते सकाळी ११. एप्रिल २००३ मध्ये मोटरसायकलवरून कामाला जाताना कारखान्यापासून पाचेक किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. घरच्यांना निकाल मिळायला बावीस वर्षं लागली.

कायद्यानं रोज किती तास काम करून घेता येतं?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. विश्रांती धरून येण्यापासून जाण्यापर्यंतचा पसारा साडेदहा तासांचा, आणि जादा कामाला दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांसाठी ९ चे १० तास आणि साडेदहाचा पसारा बारा करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तसेच. तुमच्या ऑफिसला आज कोणता आकडा लावलाय ते एचआरकडून लेखी मागा.

माझं लक्ष या पसाऱ्याकडे जातं. बारा तासांचा पसारा आणि कर्जतचा येऊन-जाऊन पाच तासांचा प्रवास मिळवा. झोपायला, आंघोळीला आणि मुलाचं तोंड बघायला मिळून सात तास उरतात. कायदा करणाऱ्यांची घरं स्टेशनापासून किती लांब असतात, कोण जाणे.

मी गाडीत लॅपटॉपवर काम करते. ते तास धरा ना.

लोकलमध्ये लॅपटॉप उघडायला मिळतो म्हणजे तुम्ही उलट्या दिशेच्या प्रवाशी आहात. फोर्टातून ऐरोलीला जाणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मिळतो. सकाळच्या डाऊन गाडीत ती पाय पसरून बसते. आम्हाला मोबाइल डोळ्यांसमोर धरायलाही हात सुटा मिळत नाही.

धरायचे असतील तर कामावरून धरा, मिनिटांवरून नको. गाडीतून चार कोटेशनं पाठवलीत, ऑफिसात आल्यावर ती उरली नाहीत, उत्तम. पण ‘गाडीत मेल बघतो’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकजण ठाण्यापासून दादरपर्यंत मान टाकून झोपलेले मी स्वतः पाहिलेत.

गाड्या लेट असतील तर लेट मार्क लावावा का?

एकाच मार्गावरचे तिघं-चौघं एकदम उशिरा आले तर मी विचारतही नाही. एकटाच आला तर विचारते. एम-इंडिकेटर या लोकलच्या अ‍ॅपवर लोक काय लिहितायत ते बघते, रेल्वेनं स्वतः जाहीर केलं असेल तर प्रश्नच मिटला. रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक आधीच येतं, त्यामुळे रविवारी ड्यूटी असलेल्यानं त्याचं कारण सोमवारी सांगू नये.

पावसाचं वेगळं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी दुसऱ्या एका ऑफिसात होते. आम्ही अकराजण रात्रभर तिथेच. टेबलं जोडून झोपलो, बिस्किटांचे पुडे मोजून खाल्ले. दुसऱ्या दिवशी कधी चालत, कधी ट्रकमध्ये, करत करत डोंबिवली गाठली तेव्हा पहाट होत आली होती. महिन्याच्या पगारात एक दिवस कापलेला. हिशेबनिसाला विचारलं तर म्हणाला, ‘ताई, मस्टरवर सही नाही.’ आदल्या रात्री मी त्या मस्टरवर डोकं ठेवून झोपले होते.

तेव्हापासून माझा नियम: पाणी भरायला लागलं की लांबच्यांना आधी सोडायचं, दुपारी दोनला सोडावं लागलं तरी. आणि ते तास कोणाच्या खात्यात मांडायचे नाहीत.

तीन लेट मार्कांना अर्धी रजा ठीक आहे का?

पद्धत सर्रास आहे. मला ती आवडत नाही, कारण दोन लेट मार्क झालेला माणूस तिसऱ्या दिवशी उशीर होतोय म्हटल्यावर स्टेशनावरूनच परत जातो आणि पूर्ण रजा टाकतो. त्यापेक्षा महिन्याची मिनिटं मोजा. आम्ही महिन्याला नव्वद मिनिटं सोडून देतो, त्यापुढची भरून घेतो.

शिवाय थमच्या मशीनपुढे ९.३१ला उभ्या असलेल्या माणसाकडे नीट बघा. तो दारातल्या फूटबोर्डवरून आलेला असतो. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं पडली आणि जीव गेले. दिवा स्टेशनाहून येणारी आमची एक मुलगी त्यानंतर पंधरा दिवस एक गाडी सोडून दुसरीनं यायची. तिचा लेट मार्क लावायला माझा हात झाला नाही.

सगळ्या ऑफिसांच्याच वेळा पुढे-मागे केल्या तर गर्दी फुटणार नाही का?

फुटेल, आणि हे रेल्वे कधीपासून सांगतेय. नोव्हेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेनं मुंबईतल्या स्वतःच्याच ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांना दोन वेळा आखून दिल्या, ९.३० ते ५.४५ आणि ११.३० ते ७.४५, आणि इतर ऑफिसांनाही तसं करा म्हणून विनवलं. मुंब्र्याच्या अपघातानंतर विधिमंडळातही हा विषय पुन्हा निघाला. राज्य सरकारनं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा वेळ ठरवली ९.४५ ते ६.१५, शिपाई सोडून सगळ्यांना एकच. म्हणजे शनिवारची गर्दी कमी झाली, बाकी पाच दिवसांची तिथेच.

खाजगीत अडचण अशी की प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघतो. बँक साडेनऊला, कस्टम्स त्यांच्या वेळेला, मग आम्ही साडेअकराला येऊन करणार काय? तरी सव्वीसपैकी आठजणांना आम्ही ८.३० ते ५ दिलंय. त्या आठांपैकी सहाजणांना सकाळी बसायला मिळतं. एवढ्या एका गोष्टीवर ते मागे फिरायला तयार नाहीत.

पुण्याहून रोज येणाऱ्याला काय नियम लावायचा?

डेक्कन क्वीन मुंबईला १०.२५ला पोहोचते आणि संध्याकाळी ५.१०ला सुटते. स्टेशनापर्यंतचं चालणं दोन्हीकडून वजा केलं तर ऑफिसात जेमतेम सव्वासहा तास मिळतात, त्यात जेवण. म्हणजे रोज डेक्कन क्वीननं येणारा माणूस पूर्ण दिवस भरूच शकत नाही. गाडी १९३० पासून धावतेय, पासवाल्यांचा तिच्यात संसार आहे, वाढदिवस होतात, आमलेट खातात. सगळं मान्य, गणित मात्र बसत नाही.

आमच्या पुणेकराला आम्ही सिंहगड एक्सप्रेसनं यायला सांगितलं. ती आधी पोहोचते आणि परतीलाही क्वीननंतर सुटते. तरी तास कमीच पडले, म्हणून आठवड्यात दोन दिवस घरून काम. तीन वर्षं चाललं. मग त्याची पाठ गेली.

वर्क फ्रॉम होम लांबच्यांनाच का?

कारण परळवाल्याचे घरून काम करून रोज चाळीस मिनिटं वाचतात, कसारावाल्याचे पाच तास. पण घरून काम करणाऱ्याच्या नावाचं कुरिअर, सह्या, शिक्के, प्रिंट कोणीतरी ऑफिसात करतं. तेही थांबवहीत लिहा. आम्ही हे सुरुवातीला लिहीत नव्हतो. शिपाईकाकांनी एक दिवस झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर आपटला, तेव्हापासून लिहायला लागलो.

मी बाइकनं येतो. मला ट्रॅफिकची सूट?

नाही. ट्रॅफिक तुमच्याआधी निघालेल्यालाही लागतो.

बायकांना लवकर सोडलं की पुरुष सहकारी कुरकुरतात.

बाई म्हणून सोडू नका, गाडी म्हणून सोडा. ‘लेडीज आहेत, जाऊ द्या’ म्हटलं की पुढच्या बढतीच्या वेळी तेच वाक्य उलटून येतं. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. पण अशा गाड्या मोजक्या आणि ठरलेल्या वेळेच्या, त्यामुळे ती चुकणं ही नुसती सीट जाण्याची गोष्ट नसते. आमच्या वसईवालीसाठी विरारची लेडीज स्पेशल मी ‘गाडी जाते’ मध्येच धरते. यावर दोन पुरुषांनी हरकत घेतली. एक दिवस संध्याकाळच्या विरार गाडीला लेडीज डब्याबाहेरची रेटारेटी नुसती लांबून बघून या म्हटलं. गेले होते की नाही माहीत नाही, पण हरकत परत आली नाही.

रात्री साडेनऊनंतर थांबवायचं असेल तर मात्र तो मर्जीचा मामला नाही. २०१७ च्या कायद्यानं तिची संमती लागते आणि घरी पोहोचवायची सोयही मालकाची.

साहेब स्वतः अकराला येतात. त्यांना कोण लिहिणार थांबवहीत?

एकदा शिपाईकाकांनी लिहिलं. ‘गुरुवार, साहेबांच्या सहीसाठी, सहाजण, ५० मि.’ साहेबांनी वाचलं, काही बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी चेक दुपारी चारलाच सह्या होऊन आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा पावणेसात.

तुमच्या ऑफिसात हे सगळं सुरळीत चालतं का?

नाही. सध्या वाद शुक्रवारचा आहे. शुक्रवारी सगळ्यांनाच लवकर निघायचं असतं आणि शुक्रवारीच जहाजांचे कागद तुंबतात. पूर्वीचा परळवाला, आता बदलापूरवाला, म्हणतो की त्याच्या किल्लीच्या जुन्या वर्षांचे तास थांबवहीत मागच्या तारखेनं धरा. वही सुरू व्हायच्या आधीचं धरता येत नाही, असं मी त्याला सांगितलंय. तो म्हणतो, ‘ताई, तुम्हीच तर म्हणालात ना, कोणी बघत नव्हतं तरी काम झालं होतं.’ त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. सोमवारी साहेबांकडे जायचंय, अकरानंतर.